दोन नॅनोमीटरचं झाकण: लेक हेफनर, १९५८

ओक्लाहोमा सिटीच्या वायव्येला लेक हेफनर नावाचा तलाव आहे. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी १९४०च्या दशकात बांधलेला, पसारा सुमारे अडीच हजार एकर, म्हणजे हजारेक हेक्टर. १९५८ साली ७ जुलैपासून १ ऑक्टोबरपर्यंत, असे ८६ दिवस, या तलावावर बोटींतून एक पांढरा मेणचट पदार्थ पसरवला जात होता. पदार्थ म्हणजे हेक्साडेकॅनॉल, बाजारातलं नाव सेटिल अल्कोहोल. हेतू असा की, या पदार्थाचा एका रेणूएवढ्या जाडीचा थर सगळ्या तलावावर पसरावा आणि उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारं पाणी वाचावं.

८६ दिवसांचा हिशेब लागला तेव्हा वाचलेलं पाणी भरलं बाष्पीभवनाच्या ९ टक्के. हाच थर प्रयोगशाळेतल्या ताटलीत निम्म्याहून जास्त बाष्पीभवन रोखतो. मग मधलं सगळं गेलं कुठे? पातळ सेंद्रिय थरांवर काम करणाऱ्यांना मी हे प्रकरण नेहमी वाचायला सांगतो. हल्ली या विषयात जो तो सोन्याच्या पत्र्यावर बसवलेले रेणू आणि इलेक्ट्रॉनिक्सबद्दल बोलतो. पण थराची रचना आणि त्याचे गुण यांचं नातं इतकं उघड्यावर, तेही हजार हेक्टरांवर, क्वचितच पाहायला मिळतं.

आधी थोडं गणित. हेक्साडेकॅनॉलचा रेणू पाण्यावर उभा राहिला की साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर जागा घेतो. म्हणजे एका चौरस मीटरवर पाचावर अठरा शून्यं इतके रेणू, आणि त्यांचं वजन भरतं २ मिलिग्रॅम. हेक्टरला २० ग्रॅम. अख्ख्या लेक हेफनरला २० किलो. रिक्षात मावेल एवढा माल. कागदावरचा हा आकडा पाहून कुणालाही मोह पडावा. १९५०च्या दशकात तो बऱ्याच जणांना पडला होता. ऑस्ट्रेलियात मॅन्सफिल्ड यांनी १९५५ साली उघड्या पाण्यावरचे आपले निष्कर्ष छापल्यावर तर कोरड्या मुलखातल्या प्रत्येक पाटबंधारे खात्याचे कान टवकारले.

हा थर म्हणजे नेमकं काय, ते घरी करून पाहता येतं. स्टीलची मोठी परात घासून, साबणाचा अंशही राहणार नाही अशी चार-पाच वेळा धुऊन घ्या. बोटाचा तेलकटपणासुद्धा प्रयोग बिघडवतो, म्हणून आतून हात लावू नका. पाणी भरा, वर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा. सेटिल अल्कोहोल कोल्ड क्रीमात असतं. सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे त्याच्या पांढऱ्या चकत्या मिळतात. त्यातला मोहरीएवढा कण सुईच्या टोकाने मधोमध टेकवा. पावडर मागे सरकायला लागते, मध्ये स्वच्छ गोल उघडतो, वाढत जातो आणि पावडर परातीच्या कडेला जाऊन बसते. कणाकडे पाहावं तर तो तसाच्या तसा. चाळीस सेंटिमीटरच्या परातीला एक मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा पुरतो, तेव्हा तो झिजलेला दिसणार तरी कसा?

आता दुसरी परात घ्या आणि कणाऐवजी गोडेतेलाचा अगदी बारीक थेंब टेकवा. पावडर इथेही कडेला जाते, बहुधा जास्त झपाट्याने. डोळ्यांना दोन्ही परातींत काही फरक दिसत नाही. बाष्पीभवनाच्या बाबतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेलाचा एकरेणवी थर पाण्याची वाफ जवळपास अडवतच नाही.

कारण आहे रेणूंच्या उभं राहण्यात. हेक्साडेकॅनॉलच्या एका टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते, तिला पाणी आवडतं. बाकीची सोळा कार्बनची सरळ साखळी पाण्यापासून दूर पळते. त्यामुळे रेणू डोकं पाण्यात आणि शेपूट हवेत असा उभा राहतो. शेजारी शेजारी दाटीने उभ्या राहिलेल्या सरळ साखळ्या एकमेकींना धरून ठेवतात आणि जवळजवळ स्फटिकासारखी मांडणी होते. जाडी सुमारे सव्वादोन नॅनोमीटर. तेलातल्या ओलिक साखळीत मात्र मधोमध दुहेरी बंध असतो आणि तिथे ती कोपरात दुमडल्यासारखी वाकते. वाकड्या काठ्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तसा हा थर कधीच आवळून बसत नाही; साखळ्या हलत-डुलत राहतात आणि मधून पाण्याचे रेणू निघून जातात. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅम कॉमनच्या तळ्यात चमचाभर तेल ओतून अर्धा एकर पाणी शांत केलं, ती गोष्ट १७७४ साली छापून आली आणि सगळ्यांना ठाऊक आहे. लाटा शांत झाल्या, वाफ मात्र बहुतेक तशीच जात राहिली असणार.

दुसरी गोष्ट दाबाची. पाण्यावरच्या थराला कडेने रेटलं की तो जो उलटा रेटा देतो, त्याला पृष्ठदाब म्हणतात. जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहणाऱ्या आग्नेस पोकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या द्रोणीवर सरकती पट्टी ठेवून हे मोजायची पद्धत काढली. त्यांचं पत्र इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ रेले यांनी १८९१ साली 'नेचर'मध्ये छापून आणलं. पुढे १९१७ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लँगम्युअर यांनी त्याच पद्धतीला पक्कं रूप दिलं आणि आज उपकरणाला नाव आहे ते लँगम्युअर यांचं. असो. पट्टी सरकवत नेली की रेणू आधी विरळ वायूसारखे भटकतात, मग द्रवासारखे चिकटतात, आणि ०.२ चौरस नॅनोमीटरपाशी थर एकदम ताठ होतो. त्यापुढेही रेटलं तर तो मोडतो, त्याच्या घड्या पडतात. हेक्साडेकॅनॉलचा कण आपणहून जो थर सोडतो, त्याचा दाब खोलीच्या तापमानाला ४० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो. म्हणजे पाण्याचा ७२चा पृष्ठताण, पृष्ठभाग ताणून धरणारा जोर, ३२वर येतो. वाफ अडवण्याचा गुण या ताठ अवस्थेतच येतो. दाब उतरला की रेणू तेच, पाणी तेच, पण झाकण उघडं. ही गोष्ट लक्षात ठेवा, तलावावर ती पुन्हा भेटणार आहे.

वाफ अडते की नाही यावरच सुरुवातीला वाद होता. १९२४ साली हेडेस्ट्रँड या संशोधकाने मोजून सांगितलं की थराचा काहीच परिणाम होत नाही. पुढच्याच वर्षी रिडील यांनी मोजून सांगितलं की होतो. दोघंही प्रामाणिक होते. गोम होती हवेत. पाण्यावरून निघालेल्या वाफेला आधी थर ओलांडावा लागतो आणि मग त्यावरचा स्थिर हवेचा पट्टा. हे दोन अडथळे एकामागोमाग एक येतात, म्हणून त्यांची बेरीज होते. हवेचा पट्टा जाड असेल, तर तोच इतका अडवतो की थराने घातलेली भर जाणवतही नाही. पोलीस नाक्यावर तासभर रांग असताना पुढच्या टोलनाक्यावर गेलेली दोन मिनिटं कुणी मोजत नाही, तसं.

कोलंबिया विद्यापीठात आर्चर आणि ला मेर यांनी १९५५ साली यातून वाट काढली. थराच्या अगदी वर, काही मिलिमीटरवर, ओलावा शोषणाऱ्या क्षाराची डबी टांगायची, ठरावीक वेळाने तिचं वजन करायचं. थर असताना आणि नसताना. दोन आकड्यांच्या फरकातून फक्त थराचा अडथळा हाती लागतो. दाट बसलेल्या सोळा-अठरा कार्बनच्या थरांसाठी तो सेंटिमीटरला एक ते काही सेकंद एवढा निघाला; हा आकडा जितका मोठा, तितकी वाफ सावकाश जाते. साखळीत कार्बन वाढवत नेले की अडथळा गुणाकाराच्या पटीत वाढतो, म्हणजे लॉगॅरिदमचा आलेख सरळ रेषेत चढतो. ला मेर यांचा अर्थ असा की पाण्याच्या रेणूला साखळ्यांमधून फट पाडावी लागते आणि साखळी जितकी लांब तितकी ऊर्जा जास्त लागते.

त्याच कामातली एक बारकी गोष्ट मला फार आवडते. थर पसरवताना पदार्थ एखाद्या उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवून पाण्यावर टाकतात. बेंझिनमधून टाकलेला थर पेट्रोलियम ईथरमधून टाकलेल्यापेक्षा कमी अडवायचा. दाब आणि क्षेत्रफळाच्या आलेखात दोघांत डोळ्यांत भरेल असा फरक नाही. द्रावकाचा मागे राहिलेला अंश थरात भोकं ठेवत होता आणि ती फक्त वाफेलाच सापडत होती. 'माझा आयसोथर्म', म्हणजे दाब-क्षेत्रफळाचा आलेख, 'बरोबर आला' म्हणून निश्चिंत बसणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा किस्सा ऐकवतो. एकदा आमच्याकडे ऊर्ध्वपातित पाण्याची नळी बदलली आणि नव्या प्लास्टिकमधून झिरपलेल्या कशानेतरी तीन आठवड्यांची मोजमापं पाण्यात गेली. आलेख मात्र शेवटपर्यंत देखणे होते.

तर प्रयोगशाळेतून तलावावर जाताना हिशेब असा होता. समजा मोकळ्या तलावावर हवेचा अडथळा सेंटिमीटरला २ सेकंद आहे आणि थराचाही २. बेरीज दुप्पट, बाष्पीभवन निम्मं. वारा वाढला की हवेचा पट्टा पातळ होतो, अडथळा १वर येतो. मग थरामुळे बाष्पीभवन एक तृतीयांशावर यायला हवं. म्हणजे वारा जितका जोराचा तितकं झाकण मोलाचं. उन्हाळी वाऱ्यातच पाणी सर्वांत जास्त उडतं, तेव्हा हे तर सोन्याहून पिवळं.

आणि ओक्लाहोमात वाऱ्याला तोटा नाही. पण वारा थराला जागेवर राहू देत नाही. पाण्यावरचा थर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ ते ४ टक्के वेगाने वाहतो. ताशी १८ किलोमीटरचा, फारसा जोरदार म्हणता येणार नाही असा वारा धरा, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. थर सेकंदाला सतरा-अठरा सेंटिमीटर सरकणार. तीन किलोमीटर रुंदीचा तलाव तो पाच तासांच्या आत ओलांडतो आणि पलीकडच्या काठाशी गोळा होतो. तिथे दाब इतका वाढतो की थर मोडून त्याच्या घड्या पडतात, पांढरट रेघा दिसू लागतात. वाऱ्याकडचा काठ तोवर उघडा पडलेला असतो. वारा थांबला तरी घडी पडलेला थर सहजी उलगडून परत येत नाही. तो घन झालेला असतो.

हेच उलटं मोजून पाहू. तीन किलोमीटर रुंदीची आघाडी सतत भरत राहायची तर प्रत्येक मीटरमागे सेकंदाला एक तृतीयांश मिलिग्रॅमच्या वर माल लागेल, म्हणजे एकूण सेकंदाला जवळपास १ ग्रॅम. तासाला पावणेचार किलो, दिवसाला ९० किलो, ८६ दिवसांत पावणेआठ टन. वीस किलोंचे पावणेआठ टन झाले. आणि हा हिशेब प्रत्येक कण लगेच, पूर्ण पसरला असं धरून. तसं कधी होत नाही. वारा वाढून लाटा फुटायला लागल्या की थराचे तुकडे होतात, काही पाण्याखाली ढकलले जातात. हेक्साडेकॅनॉल स्वतःही थोडं उडून जातं. शिवाय जिवाणूंना ते खाद्य म्हणून चालतं. पिण्याच्या पाण्यासाठी बिनविषारी पदार्थ निवडला, हा त्याच निवडीचा दुसरा पैलू.

साखळी लांब करून जास्त अडवणारा थर का वापरला नाही, असा प्रश्न येतो. अठरा कार्बनचं ऑक्टाडेकॅनॉल जास्त अडवतं, पण त्याचा कण थर सोडायला आळशी आहे. सोळाचं चटकन पसरतं, पण कमी अडवतं आणि लवकर झिजतं. म्हणून व्यवहारात दोघांची मिश्रणं वापरत. खरी अडचण मिश्रणाने सुटणारी नव्हती. ज्या दाटीमुळे थर वाफ अडवतो, तीच दाटी त्याला ताठ करते, आणि ताठ थर फाटला की आपणहून सांधत नाही. सैल, तेलासारखा थर फाटला तर क्षणात भरून येतो, पण तो वाफ अडवत नाही. एकाच रेणूकडून दोन्ही मागणं म्हणजे काचेने कापडासारखं वागावं अशी अपेक्षा धरणं. ९ टक्क्यांचा मोठा भाग मला इथे दिसतो. रसायन चुकलं असं मी म्हणणार नाही. थर जेवढा वेळ आणि जेवढ्या पाण्यावर मिटलेला राहिला, तेवढं काम त्याने केलं.

आता त्या ९ आकड्याविषयी, कारण तो काढणं हेच एक कौशल्याचं काम होतं. ताटली एकदा थरासह आणि एकदा थराविना मोजता येते. तलाव एकच, उन्हाळा एकच. थर नसता तर किती पाणी उडालं असतं हे कुणाला विचारणार? लेक हेफनर निवडण्याचं कारणच हे होतं. १९५०-५१ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने आणि इतरांनी याच तलावाच्या बाष्पीभवनाचा बारीक अभ्यास केला होता. वाऱ्याचा वेग आणि पाण्याच्या पृष्ठाचा व हवेचा बाष्पदाब यांतला फरक, यांवरून बाष्पीभवन काढण्याचं या तलावापुरतं समीकरण तयार होतं.

मग ते समीकरण वापरायचं आणि प्रत्यक्षातला आकडा वजा करायचा, असं वाटेल. तिथेच फसगत आहे. बाष्पीभवन पाण्याला गार ठेवतं. माठाचं तत्त्वच ते. थराने बाष्पीभवन रोखलं की पाणी तापतं. तापलेल्या पृष्ठाचं तापमान समीकरणात घातलं, तर थर नसतानाचं बाष्पीभवन उगाच जास्त निघतं आणि बचत फुगते. हार्बेक आणि कोबर्ग यांनी १९५९ साली मांडलेल्या पद्धतीत या तापण्याचा हिशेब आधी चुकता केला. थरासकट खरं बाष्पीभवन त्यांनी उष्णतेच्या ताळेबंदातून घेतलं: सूर्याकडून आलेली उष्णता, तलावाने साठवलेली, परत फेकलेली, हवेला दिलेली, उरली ती वाफेत. मग थर नसता तर पृष्ठ किती अंशांवर स्थिरावलं असतं ते शोधलं, म्हणजे कोणत्या तापमानाला जास्तीची वाफ, कमी झालेलं उष्णतेचं उत्सर्जन आणि हवेकडे जाणारी कमी उष्णता यांचा मेळ बसतो. त्या गारठलेल्या, काल्पनिक तलावाचं बाष्पीभवन काढून मग तुलना केली. आकडा खाली आला, पण खरा झाला. प्रयोगशाळेतली ताटली स्थिर तापमानाला ठेवलेली असते, म्हणून तिथे हा भुर्दंड दिसतच नाही. शिवाय दिवसभर झाकणाखाली साठलेली ऊब रात्री थर फाटल्यावर वाफेच्या रूपाने बाहेर पडतेच. म्हणजे बचतीतला काही भाग निव्वळ उधारी होता.

माशांचं काय, हा प्रश्न हटकून येतो. झाकण घातल्यावर पाण्यात प्राणवायू शिरणार कसा? उत्तर पुन्हा रांगेचं. पाण्यात विरघळताना ऑक्सिजनला खरा अडथळा असतो पाण्याच्या बाजूच्या स्थिर पट्ट्याचा, आणि तो सेंटिमीटरला शेकडो सेकंदांचा असतो. त्यात थराचे दोन सेकंद म्हणजे दर्यामे खसखस. थराने तरंग शांत होतात, त्यामुळे ढवळणं थोडं कमी होतं, तेवढाच फरक. पृष्ठताणाच्या जोरावर पाण्यावर चालणाऱ्या किड्यांची गोष्ट वेगळी. ७२चे ३२ झाले की त्यांच्या पायाखालची जमीनच जाते.

लेक हेफनरनंतर प्रयोग थांबले नाहीत. १९६० साली ॲरिझोनातल्या सहुआरो तलावावर सुमारे १४ टक्के, १९६१ साली कॅलिफोर्नियातल्या कचूमावर सुमारे ८ टक्के बचत नोंदली गेली. आकडे याच घरात फिरत राहिले. जपानमध्ये याच जातीचे थर भातखाचरांत वापरले, पण पाणी वाचवण्यापेक्षा ते उबदार ठेवण्यासाठी; हेफनरला जी डोकेदुखी ठरली तीच तिथे कामाला आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बिस्वास यांच्या गटाने १९६०च्या सुमारास साखळीच्या डोक्याशी एक ईथरचा सांधा, म्हणजे दोन कार्बनमध्ये एक ऑक्सिजन, घातलेले अल्कॉक्सी-इथेनॉल रेणू तपासले. डोकं पाण्यात अधिक बरं रुजलं की लांब साखळीचा पदार्थही नीट पसरतो, म्हणजे पसरणं आणि अडवणं यांतली ओढाताण थोडी सैल होते. ही दिशा मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण ती वाऱ्याशी भांडत बसत नाही; फाटलेला थर लवकर सांधेल एवढंच पाहते.

मराठवाड्यातल्या एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात 'धरणावर रसायन टाका, पाणी वाचवा' अशी मागणी निघते, तेव्हा मी हाच हिशेब नाथसागरावर करून पाहतो. जायकवाडीचा जलाशय पूर्ण भरला की साधारण ३५० चौरस किलोमीटर पसरतो. तिथला एक मिलिमीटर म्हणजे ३५ कोटी लिटर, त्यामुळे थोड्या टक्क्यांचंही मोल मोठं आहे. एकदा झाकायला ७०० किलो पुरतील. पण पाणी उथळ, विस्तार प्रचंड आणि एप्रिल-मेचा वारा दुपारनंतर थांबायचं नाव घेत नाही. हेफनरवर पाच तासांत काठ गाठणारा थर इथे वाटेतच लाटांनी फुटेल. हजार-दोन हजार चौरस मीटरच्या, उंच बांध असलेल्या शेततळ्याची गोष्ट निराळी. तिथे बांध वारा अडवतो, थर काठाशी गेला तरी अंतर पन्नास मीटरच असतं, आणि चार ग्रॅम माल सकाळी मुठीने टाकता येतो. थर जागेवर आहे का हे पाहायला तिथे उपकरणही लागत नाही. वाऱ्याच्या झुळकीत थर असलेलं पाणी गुळगुळीत, तेल लावल्यासारखं दिसतं. जिथे बारीक सुरकुत्या उठतात, तिथे झाकण उघडं आहे.